उत्तरापुरती शांतता

आमचे काकाजी रेडिओवर प्रश्न विचारायचे आणि मग उत्तराची वाट बघायचे.

तुम्ही म्हणाल त्यात काय, रेडिओवर सगळेच विचारतात. विचारतात, पण लगेच पुढे पळतात. "कसे आहात, मजेत ना, चला तर मग" असं एका दमात. काकाजींचं तसं नव्हतं. सकाळी माईक उघडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "राम राम. चहा झाला का?" आणि मग चूप. म्हणजे खरोखर चूप. मान थोडी वाकडी करून माईककडे बघत बसायचे, जसं काही समोरचा सांगून राहिला आहे आणि हे ऐकून राहिले आहेत. मग "हं" म्हणायचे. कधी म्हणायचे, "नाही? दूधवाला नाही आला अजून? येईल, येईल." त्यानंतरच केळीचे भाव.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा काचेच्या अलीकडे बटणं सांभाळायला बसलो होतो. मला वाटलं, गेले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्यासमोर माणूस गेला. मी उठून काचेवर टकटक करणार, तेवढ्यात आतून "हं" आला.

आमचं स्टेशन म्हणजे बुरहानपुरच्या राजपुऱ्यात एका गादी-रजईच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खाली कापूस उडायचा, त्यामुळे वर सगळ्यांची नाकं कायम चोंदलेली. ऐकणारे म्हणायचे, तुमच्या स्टेशनवर सगळ्यांचे आवाज किती भारी आहेत. मागच्या गल्लीत पॉवरलूम. त्यांची खटखट आमच्या प्रत्येक कार्यक्रमात फुकट पार्श्वसंगीत द्यायची.

मला तिथे घेतलं ते नकलांसाठी. शाळेत असताना मी हेडसरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी पोचल्यावर खरे हेडसर माईकवर आले. बस स्टँडवर कंडक्टरची हाळी अशी द्यायचो की तुकईथड गावची माणसं भलत्याच गाडीत चढायची. तर असा माणूस रेडिओलाच शोभतो, असं आमच्या घरच्यांचंही मत पडलं. काकाजींची नक्कल तर मी आठवड्याभरात बसवली. तो आधीचा बारीक खोकला, "राम राम"मधला दुसरा राम थोडा खाली सोडणं, चपला दाराबाहेर काढतानाची कुरकुरसुद्धा. एकदा चहाच्या टपरीवर करून दाखवत होतो आणि ते मागे येऊन उभे. मी गार. त्यांनी शांतपणे अर्ध्या चहाची कट घेतली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. फक्त तू थांबत नाहीस."

एवढंच. चहाचे पैसे पण त्यांनीच दिले.

काकाजींच्या खांद्याला एक थैली असायची आणि थैलीत तीन रेडिओ. पहिला जुना ट्रान्झिस्टर, मागचं झाकण हरवलेलं, सेल पडू नयेत म्हणून रबर लावलेला. दुसरा बटणांचा मोबाईल, ज्याच्यात इअरफोनची वायर खुपसल्याशिवाय रेडिओ लागत नाही. तिसरा टचवाला, त्यात नुसतं ॲप. यांना ते मोठा, मधला आणि धाकटा म्हणायचे. दुपारी सकाळचा कार्यक्रम पुन्हा लागायचा, तेव्हा टपरीच्या बाकावर तिघांना मांडून बसायचे आणि आळीपाळीने कान लावायचे. मोठा आणि मधला बरोबर बोलायचे, धाकटा मागून यायचा. "हा बघ," काकाजी म्हणायचे, "याला उशिराच कळतं सगळं. पण जातो लांब."

आणि हे नुसतं खेळणं नव्हतं. ट्रान्झिस्टरच्या काळात ते "राम राम मंडळी" म्हणायचे. कारण ट्रान्झिस्टर ओट्यावर असतो आणि त्याला घर ऐकतं, शेजारी ऐकतात. मग लोकांनी बटणांचे मोबाईल घेतले, वायरी कानात घातल्या. काकाजींनी मंडळी सोडलं आणि "काय भाऊ" सुरू केलं, आवाज पण खाली आणला. मी विचारलं असं का, तर म्हणाले, कानात एकटा माणूस बसलेला असतो, त्याला मंडळी म्हटलं की तो मागे वळून बघतो. दोन दिवसांनी एक बाई जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, एक बोंडी नवऱ्याच्या कानात आणि एक माझ्या, आणि तुम्ही नुसतं भाऊ म्हणता, मी काय गोठ्यात ऐकते का? दुसऱ्या दिवसापासून "काय भाऊ, काय ताई" झालं ते शेवटपर्यंत.

बहादरपुरच्या केळीच्या बागांत आवाज खरखरतो अशी तक्रार आली. काकाजींनी माईकवरून सांगितलं की इअरफोनची वायर केळीच्या पानावर पसरून बघा, साफ येईल. यात विज्ञान किती होतं ते मला माहीत नाही. पण बहादरपुरचा एकजण येऊन सांगून गेला, "काकाजी, एकदम साफ आला. मग बकरीने वायर खाल्ली."

दुसऱ्या सकाळी कार्यक्रमात काकाजींनी विचारलं, "बहादरपुरचे भाऊ, बकरी कशी आहे?" आणि थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "हं. बरं झालं."

रविवारी सकाळचा कार्यक्रम ते शनिवारीच रेकॉर्ड करून ठेवायचे आणि रविवारी कुठल्यातरी गावाला जायचे. विचारलं तर म्हणायचे, कान बघायला चाललो. गावात जाऊन कोणाला ओळख सांगायची नाही, भाषण नाही, सत्कार नाही. लोक रेडिओ कुठे ठेवतात, ऐकताना काय करत असतात, मध्येच बंद कोण करतं, एवढं बघून परत. मंडीचे भाव मोबाईलच्या ग्रुपवर रेडिओच्या आधी पोचायला लागलेत, हे त्यांना असंच एका रविवारी कळलं. भाव सुरू झाला की लोक रेडिओचा आवाज कमी करत होते. आम्ही सगळे घाबरलो, कारण भावांवरच तर आमचा अर्धा तास उभा होता. काकाजींनी सोमवारी भाव वाचलाच नाही. म्हणाले, "भाव तुम्हाला कळलाच आहे. आता सांगा, या भावात देणार, का थांबणार?" आणि मान वाकडी करून बसले.

मला वाटतं, त्या दिवशी बुरहानपुरच्या अर्ध्या बागांत नवरा-बायकोची भांडणं झाली असतील. पण आवाज कोणी कमी केला नाही.

मग जोडणी आली. आसपासच्या सगळ्या लहान स्टेशनांना मोठ्या शहरातल्या एका मोठ्या स्टेशनला जोडायचं ठरलं. गाणी तिकडून, बातम्या तिकडून, हसणारे-खिदळणारे आवाजही तिकडूनच. आमच्याकडे राहिला सकाळचा अर्धा तास, तोही दिवाळीपर्यंत, बघू म्हणून. तिकडून एक मॅडम आल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. खालच्या दुकानातून एक रजई पण घेतली त्यांनी. काकाजींना त्या हिंदीत समजावून गेल्या की आता लोक रेडिओ फोनवर ऐकतात, फोनवरून उत्तर देतात. आपल्या नंबरवर लोकांचे मेसेज आले तर वर दाखवता येईल की इथे ऐकणारे आहेत. नाही आले तर हा अर्धा तासही तिकडूनच लागेल. म्हणजे सरळ मराठीत, काकाजी घरी.

जाताना त्या एक करडा डबा लावून गेल्या. त्याचं काम एकच. स्टेशनवरून बोलण्याएवढा आवाज येणं बंद झालं (लूमची खटखट तो धरायचा नाही) की डब्याला वाटायचं, यंत्र बिघडलं, लाईट गेली, माणूस मेला. मग त्याचा लाल दिवा लुकलुकायचा आणि आपोआप शहरातलं गाणं सुरू व्हायचं. आवाज परत आला की गाणं बंद.

तुम्हाला कळलं असेल पुढे काय झालं ते.

"राम राम. काय भाऊ, काय ताई. चहा झाला का?" लाल दिवा लुकलुकला. आणि धडाम करून लग्नाच्या वरातीत नाचायचं गाणं. काकाजी हेडफोन कधीच लावायचे नाहीत. म्हणायचे, कानात आपलाच आवाज असला की समोरच्याचं ऐकू येत नाही. त्यामुळे आत त्यांना काहीच पत्ता नाही. ते मान वाकडी करून, शांतपणे, त्या वरातीकडे कान देऊन बसलेले. मी काचेमागून दोन्ही हात हलवून राहिलो. त्यांनी मला हाताने खाली बस म्हणून सांगितलं. मग "हं" म्हणाले, आणि गाणं तुटलं, आणि सगळ्या जिल्ह्याने ऐकलं, "नाही? दूधवाला नाही आला?"

दुपारी टपरीवर लोक पोट धरून हसत होते. एकजण म्हणाला, काकाजींकडे आता चहाच्या आधी वरात निघते. काकाजीही हसले. पण त्या दिवशी त्यांनी थैलीतून रेडिओ काढले नाहीत.

मी म्हटलं, यार, हे तर माझं काम आहे. दुसऱ्या दिवशी बाजूचा माईक उघडून बसलो. त्यांनी विचारलं चहा झाला का, की इकडून मी बहादरपुरच्या बागवानाच्या आवाजात, "झाला ना काकाजी, बिनसाखरेचा, शुगर निघाली." भाव विचारला की तुकईथडच्या म्हातारीच्या आवाजात, "मले काय विचारता, पोराले विचारा." डबा गप्प. दिवा हिरवा. मॅडमचा शहरातून फोन आला, म्हणाल्या, "यही तो चाहिए था, इसको और बढ़ाओ." मी फुगलो. माझ्या डोक्यात तर आख्खं गाव तयार होतं. सरपंच, मास्तर, दूधवाला, सगळे माझेच.

काकाजी स्टुडिओतून बाहेर आले, चपला घातल्या आणि माझ्याशेजारी बसले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी त्यांच्या रागाची पण नक्कल केली असती. पण ते समजावण्याच्या सुरात म्हणाले, "आवाज छान काढलेस. पण ती जागा त्यांची आहे बाळा. तू तिथे बसलास तर ते कुठे बसतील?"

मी म्हटलं, "काकाजी, तिथे कोणी बसत नाही. तुम्ही भिंतीशी बोलता."

ते थांबले. आणि म्हणाले, "हं."

मग त्यांनी एक दिवस मॅडमच्या डब्याचं ऐकून पण बघितलं. न थांबता बोलले. मी काचेमागून बघत होतो. प्रश्न विचारायचे आणि स्वतःच्याच प्रश्नावरून उडी मारून पुढे जायचे. बस स्टँडवरच्या घोषणा असतात ना, तसं वाटायला लागलं. डबा खूश होता. बाहेर आले तेव्हा स्टेशनवरची पोरं चहा घेऊन उभी, तर नको म्हणाले. "आज मी कोणाशीच बोललो नाही," एवढंच बोलून जिना उतरले. दुसऱ्या सकाळपासून पुन्हा थांबणं सुरू आणि पुन्हा वरात सुरू.

आणि मेसेज? नंबर रोज सांगत होतो आम्ही. आले फक्त गुड मॉर्निंगवाले गुलाब आणि एक माणूस, ज्याला पाण्याची मोटर विकायची होती. दिवाळी जवळ येत चालली होती.

त्या रविवारी मी माझी गाडी काढली आणि म्हटलं, चला काकाजी, मी पण येतो कान बघायला. तुकईथडला गेलो. गावाच्या कडेला एका घरासमोर थांबलो, कारण तिथून काकाजींचाच आवाज येत होता. अंगणात तारेवर कपड्यांच्या मध्ये इअरफोनची वायर चिमट्याने लावलेली, खाली खाटेवर बटणांचा फोन, स्पीकर चालू. एक बाई म्हशीसमोर चारा टाकत होती. सून चुलीपाशी.

फोनमधले काकाजी म्हणाले, "चहा झाला का?"

बाई म्हशीकडे बघतच म्हणाली, "झाला ना भाऊ. आता हिचं चालू आहे. कालपासून खाऊन नाही राहिली नीट, काय झालं काय म्हाईत." तेवढ्यात वरात सुरू झाली. बाई चिडली. फोनकडे वळून म्हणाली, "चूप रे मेल्या. मी बोलून राहिले ना."

मी काकाजींकडे बघितलं. ते फाटकाला धरून उभे. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ताई, राम राम."

"थांबा हो भाऊ जरा," बाईने हात वर केला. "काकाजी बोलून राहिले."

तर काकाजी थांबले. चपला काढून, हात मागे बांधून, स्वतःचाच कार्यक्रम पूर्ण ऐकत उभे राहिले. मी तोंडात रुमाल कोंबला. कार्यक्रम संपल्यावर मी सांगितलं की हेच ते. बाईला पटेना. म्हणाली, ते तर चांगले धिप्पाड आहेत, आवाजावरून कळतं. मग काकाजींनी तिच्याकडे मान वाकडी करून विचारलं, "चहा झाला का?" आणि थांबले.

बाईने पदर सावरला. सुनेकडे वळून म्हणाली, "पाणी आण गं. तेच आहेत."

पाणी झालं, चहा झाला, म्हशीची चौकशी झाली. मग मी जरा तोऱ्यातच विचारलं, मावशी, आम्ही रोज नंबर सांगतो, तुम्ही एक मेसेज का नाही करत? इथे काकाजींचा कार्यक्रम बंद व्हायची वेळ आली आहे.

"मेसेज कशाले?" बाई म्हणाली. तिला खरंच समजलं नव्हतं. "रोज तर सांगते. इतकी वर्षं सांगून राहिले. या घरातलं असं काही नाही जे या काकाजीले नाही सांगितलं." मग तिला शंका आली. काकाजींकडे बघून हळूच विचारलं, "तुम्हाले ऐकू नाही येत का?"

मी तोंड उघडलं होतं. ट्रान्समीटर, ॲण्टेना, आवाज एकाच बाजूने जातो, सगळं समजावून सांगणार होतो. पण काकाजी थांबले होते, आणि ते थांबले की मध्ये बोलायचं नाही, एवढं मला तोपर्यंत आलं होतं.

"येतं ताई," काकाजी म्हणाले. "मला येतं. शहरातल्या मॅडमला येत नाही."

"असं होय," बाई म्हणाली. जीव भांड्यात पडला तिचा. सुनेने लगेच कमरेचा टचवाला फोन काढला. म्हणाली, मग मॅडमसाठी मी रेकॉर्ड करून पाठवत जाते ना, आत्या बोलतात तेव्हा बटण दाबलं की झालं, त्यात काय.

परत येताना गाडीवर मी कोणाचीच नक्कल काढली नाही, त्या बाईचीसुद्धा. माझ्या आयुष्यातला तो बहुतेक विक्रम असेल.

सोमवारी त्यांनी माईकवर सांगितलं, "मला तुमचं ऐकू येतं. पण आता आपल्याला लांबची माणसं जोडली गेलीत, त्यांचे कान अजून इथवर पोचत नाहीत. तर तुम्ही रोज मला जे सांगता तेच सांगा, फक्त फोनचं बटण दाबून सांगा. नवीन काही बोलायचं नाही." आणि गंमत म्हणजे, नंबर तोच, लोक तेच, पण दुपारपर्यंत फोन गरम झाला. कोणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, कोणाच्या मागे केळीचा ट्रक मागे घेताना "आने दो, आने दो". राजपुऱ्यातला एक लूमवाला खटखटीवर ओरडून सांगत होता की चहा सकाळीच दोनदा झाला. तुकईथडच्या म्हशीने पण एक हंबरडा पाठवला होता. काकाजी प्रश्न विचारायचे, मी त्या जागेत हे सोडायचो, डबा हिरवा. दिवाळी आली आणि गेली. अर्धा तास राहिला. पुढे मॅडमने तो ॲपवरही टाकला, तेव्हा सुरतेला आणि पुण्याला कामाला गेलेली आमची पोरं तिकडून सांगायला लागली, चहा झाला, पण तिकडच्यासारखा नाही.

सगळे खूश. काकाजी? तेही खूश होते, खोटं कशाला बोला. पण एकदा टपरीवर मोठा, मधला, धाकटा मांडून बसलेले असताना म्हणाले, "हे उत्तर कालच्या प्रश्नाचं आहे रे. कालचा चहा आपण आज विचारतो." मी म्हटलं, काय फरक पडतो. ते म्हणाले, "लोकांना नाही पडत. म्हणजे ठीक आहे."

नंतर काही महिन्यांनी त्यांनी थैली उचलली, मला म्हणाले उद्यापासून तू बस, आणि घरी गेले. भांडण नाही, निरोप समारंभ नाही. खालच्या दुकानदाराने आमच्याकडची मिठाई, दराबा, वाटला, त्यातलाही त्यांनी अर्धा मला दिला.

मी बसलो. "राम राम. काय भाऊ, काय ताई. चहा झाला का?" आवाज अगदी त्यांचा. आणि जागा आली की पटकन रेकॉर्ड केलेली उत्तरं सोडायचो, एकामागे एक, मध्ये फट ठेवायची नाही. शांतता मला सोसत नाही. लहानपणापासून.

एका सकाळी असाच एक अनोळखी नंबरचा आवाज सोडला. पहिल्यांदा काहीच नाही. मला वाटलं रिकामा आला. मागे कुठेतरी अगदी बारीक माझाच आवाज ऐकू येत होता, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच, मागून आलेला. एकाच खोलीत दोन-तीन रेडिओ लागलेले असावेत. डब्याचा दिवा लुकलुकायला लागला. माझा हात पुढच्या बटणावर गेला.

मग एक बारीक खोकला आला.

"झाला," काकाजी म्हणाले. "तुझा?"

आणि थांबले. रेकॉर्डिंग संपलं नव्हतं, चालूच होतं. ते तिकडे मान वाकडी करून बसलेले मला इथून दिसत होते. दिवा लाल झाला, वरात निघायच्या बेतात होती, आणि मी बटणावरचा हात काढून घेतला.

"नाही काकाजी," मी म्हटलं. माझ्याच आवाजात. "अजून व्हायचा आहे."